विंझरला उठवा

मोहिनीचं गाव विंझर आलं आणि गेलं, तिला पत्ताच नाही. खिडकीच्या गजाला डोकं टेकून ती गाढ झोपली होती. एसटी वेल्ह्याच्या स्टँडवर येऊन थांबली, माणसं उतरली, कुणाची तरी कोंबड्यांची पाटी उतरली, तरी ही आपली झोपलेलीच. शेवटी कंडक्टर शिवानीनं खांदा हलवला तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. समोर तोरणा केवढा मोठा दिसत होता... विंझरहून तो इतका मोठा दिसत नाही. काय झालं ते तिला तेव्हाच कळलं.

गाडी आता इथंच मुक्कामी, शिवानी म्हणाली. सकाळशिवाय परत जायची नाही. मोहिनीचा चेहरा असा काही पडला, की शिवानीलाच वाईट वाटलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पलीकडं दुधाची कॅनं टेम्पोत चढवणाऱ्या एकाला हाक मारली. सोमनाथ, हिला विंझरला सोड रे.

सोमनाथ हात पुसत आला. काळासावळा, किडकिडीत, हसला की एक गाल जास्त हसणारा.

"बसा ताई पुढं. पन झोपू नका हां, न्हाईतर उद्या डेरीत उठाल."

मोहिनी हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलंच हसू. पौषातला वारा नुसता बोचत होता आणि टेम्पोची काच वर जायचं नाव घेईना. सोमनाथनं एक रिकामं पोतं घडी करून त्या फटीत कोंबलं.

वाटेत त्यानं विचारलं, एवढ्या खडखडाटात झोप लागते तरी कशी?

"बशीत मला कोनी हाक मारत न्हाई," ती म्हणाली. "म्हनून लागती."

 पुढचे सगळे खड्डे त्यानं हळू घेतले.

खरंच होतं ते. कापूरहोळला हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर मोहिनी भाकऱ्या थापायची. सकाळपासून परात आणि तवा, तवा आणि परात. बाहेरून "दोन बाजरी, गरम" अशी आरोळी आली की हात चालायचेच, मग त्या हातांत जीव असो नसो. संध्याकाळी मनगटं भरून यायची. घरी पोचलं की भाऊ मानसिंग आणि आरती वहिनी तिचीच वाट बघत असायचे, कारण मोहिनीच्या हातची भाकरी सगळ्यांना आवडायची. माणसं वाईट नव्हती हो. पण घर दोन खोल्यांचं. आई गेल्यापासून मोहिनीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत ट्रंकेवर गुंडाळून ठेवलेलं असे, आणि सगळ्यांचं टीव्ही बघून झालं की मगच ते खाली यायचं. तिचे कपडे अजून पिशवीतच होते. कुणी जा म्हणत नव्हतं, आणि ही जागा तुझी असंही कुणी कधी म्हणालं नव्हतं.

स्थळं यायची. मोहिनी नाही म्हणायची. लोकांना वाटायचं पोरगी चढेल आहे. तिला मात्र प्रत्येक स्थळात एक नवी चूल दिसायची आणि तिच्यापुढं बसलेली आपली पाठ. दमून गेली होती ती, दुसरं काही नाही.

तर असं चाललेलं असताना हा सोमनाथ रोज ढाब्यावर जेवायला यायला लागला. दूध घालायला तो कापूरहोळला यायचाच, पण आजवर घरून बांधून आणायचा. आता म्हणे घरची भाकरी वाटेत गार होते. जेवून झालं की भटारखान्याच्या दारात यायचा, पाणी मागायचा. पाणी बाहेर टेबलावरही होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

आणखी एक गंमत झाली. रोज विंझर आलं की शिवानी स्वतः उठून यायची आणि मोहिनीला जागं करायची. हे सांगितलं कुणी, असं विचारलं तर ती गालात हसायची आणि तिकिटांचं मशीन बडवत पुढं जायची.

मोहिनीनं एक दिवस सोमनाथला दारातच धरलं. शिवानीताईला तुम्हीच सांगितलंत ना?

"व्हय. रोज रोज वेल्ह्याला याल तर बरंच हाय, पन घरचे वाट बघत असतील..."

"आन् मला हल्ली ताई म्हनत न्हाई तुमी."

तो जरा गडबडला. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला, "ताई त्याच दिवशी विंझरला उतरली. मंग न्हाई भेटली."

मोहिनीनं मान खाली घालून भाकरी थापली. ती भाकरी त्या दिवशी एका बाजूनं करपली आणि एका ट्रकवाल्यानं ती परतही पाठवली. तिनं तीच स्वतः खाल्ली.

माघ लागला तेव्हा सोमनाथनं विचारलं, आई बघायची म्हणते तुला, येशील? नुसतं जेवायला. त्याचं घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. चार म्हशी, शेरडं, आणि दोघं मायलेक. मोहिनी हो म्हणाली, आणि मग चार रात्री तळमळत राहिली. कारण आता नाही म्हणायचं तर सोमनाथला म्हणावं लागणार होतं, आणि ते तिला जमणार नव्हतं. आणि हो म्हणायचं तर पुन्हा चूल आलीच.

सुट्टीच्या दिवशी ती गेली. सोमनाथची आई, बाळाबाई, दारातच उभी होती. पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, घोटभर चहा झाला. आत चूल पेटलेली, परातीत नाचणीचं पीठ. मोहिनी सवयीनं उठली, पदर खोचला आणि चुलीपुढं जाऊन बसली. तिकडं रीतच आहे तशी. घराला पोरगी पसंत असली की तिला आत चुलीकडं नेतात.

बाळाबाईनं तिचं मनगट धरलं. "ऊठ. हितं तुजं काम न्हाई."

 संपलं, मोहिनी मनात म्हणाली. मघापर्यंत ज्या चुलीची भीती वाटत होती, तिच्यापुढून उठवलं तर रडूच यायला लागलं. मनाचं हे असंच असतं. ती भिंतीशी जाऊन बसली आणि परतीची एसटी कधी असेल याचा विचार करू लागली.

"सोमा, ये रं," बाळाबाईनं हाक मारली. "बस चुलीफुडं." मग मोहिनीकडं वळून ती म्हणाली, "तुजी मनगटं सुजत्यात म्हनून ह्यो मला रोज सांगतो. आज तू नुसती बसायची, बाई. परातीला हात लावलास तर बघ."

गुरांमागं रानात राहायचा तेव्हा तो भाकरी करायला शिकला होता म्हणे. सोमनाथनं हात ओले केले आणि भाकरी थापली. कडा सगळीकडून फाटलेली, मधे जाड. पण फुगली. तव्यावरची तशीच त्यानं तिच्या ताटात घातली, वर लोण्याचा गोळा. थापणारी बाई शेवटी जेवते, उरलेली, गार. आईच्या माघारी मोहिनीच्या ताटात तव्यावरची भाकरी पडली नव्हती. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. धुराचं निमित्त करावं, तर धूर दुसऱ्याच बाजूला चालला होता.

जेवण झालं. बाळाबाई हळू आवाजात म्हशींच्या खोड्या सांगत होती, ऊन उंबऱ्यावर आलं होतं... आणि भिंतीला टेकल्या टेकल्या मोहिनीचे डोळे मिटले.

बघायला म्हणून आलेली मुलगी सासर व्हायच्या घरात घोरत पडली, असं आजवर कुणी ऐकलं नसेल. जाग आली तेव्हा अंगावर घोंगडी होती आणि ऊन उतरलं होतं. ती धडपडत बाहेर आली. अंगणात दुधानं भरलेली कॅनं टेम्पोत चढवून ठेवलेली, आणि सोमनाथ पायरीवर काठी घेऊन कोंबड्यांना आवाज न करता हाकलत बसलेला.

"दूध न्हेलं न्हाई अजून?"

"गाडी चालू केली असती तर तू उटली असतीस."

"मग उटवायचं की मला."

"आई म्हनली, बशीत तिला रोज कोन न कोन उटवतंय. आपल्या घरात नको."

मोहिनी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. 

"मोहिनी..." तो काठीनं माती उकरत म्हणाला, "हितंच ऱ्हा की."

तिनं खरं तेच सांगितलं. "मी चुलीला लई कंटाळलीया, सोमनाथ. तुमाला बायको पायजेल. आन् मला... मला नुसतं बसायचंय."

"मंग बस," तो म्हणाला. "संध्याकाळची भाकरी माजी. कडा फाटती, तेवढी संबाळून घे."

"पीठ गरम पान्यात मळत न्हाई तुमी, म्हनून फाटती," मोहिनी म्हणाली. मग हळूच, "शिकवीन."

आतून बाळाबाई खोकली. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं हे कळावं म्हणूनच ती खोकली होती.

वैशाखात लग्न झालं. ढाबा सुटला नाही, मनगटंही तशीच भरून येतात. ट्रंकेवरचं अंथरूण मात्र वाडीवर आलं आणि पिशवीतले कपडे फळीवर गेले. लग्नानंतर पहिल्यांदा ती कामावरून परत निघाली, त्या संध्याकाळी शिवानी सवयीनं तिच्यापाशी आली आणि तिनं खांदा हलवला. "ऊठ गं, विंझर आलं."

मोहिनीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"झोपू द्या की ताई," ती म्हणाली. "मला आता शेवटाला उतरायचंय."