जाहीरनाम्यातली खोली

दुपारी बाराला बेल वाजली. दारात एक घामाघूम तरुण उभा होता. हातात तापमापक, खांद्याला रक्तदाब मोजायचं यंत्र.

"खोलीचं तापमान घ्यायला आलोय."

"का, खोलीला बरं नाही का?"

त्याने कपाळाला हात लावला. "रस्ताभर घोकत आलो होतो, आधी बाबांबद्दल बोलायचं... आणि नेमकं हेच निघालं तोंडून."

मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसू आलं. बाबा गेल्यावर घर आवरून कुलूप लावायला मी आले होते.

तो सरकारी दवाखान्यात नर्स होता. सगळे त्याला ब्रदर म्हणत. शिवाय बाबांच्या पक्षाचा चिटणीस आणि यंदाचा उमेदवारही. पक्षात माणसं बावीस. बाबांनी नियम करून ठेवला होता : जे आपल्या घरी चाळीस दुपारी करून दाखवलं नाही, ते जाहीरनाम्यात लिहायचं नाही. त्यामुळे जाहीरनामा दीड पानाचा होता. विमानप्रवास कमी करण्याचं कलम तेवढं विनासायास मंजूर झालं होतं, कारण एकही सभासद कधी विमानात बसला नव्हता.

बाबांचं कलम होतं गार खोलीचं. वाढत्या उन्हाळ्यात दर वस्तीत एक खोली, बारा ते चार उघडी. उन्हात राबणाऱ्यांना विसावा, पाणी, तपासणी. त्यासाठी त्यांनी स्वतःची खोली दिली होती. चौतीस दुपारी झाल्या होत्या.

"सहा राहिल्यात," ब्रदर म्हणाला. "सातव्या दिवशी जाहीरनामा छापायला जातो. एक जरी दुपार रिकामी गेली तरी कलम गळेल."

त्या खोलीत मी अजून पाऊल ठेवलं नव्हतं. तरी दार उघडलं.

मग रोज कुणी ना कुणी यायचं. डांबर टाकणारे दोघे, एक हमाल, पोस्टमन. ब्रदर रक्तदाब मोजायचा, मी पाणी द्यायचे. तो बाबांची पुस्तकं चाळायचा आणि चुकीच्या जागी ठेवायचा. मी ती मुकाट्याने परत लावायचे.

"मुद्दाम करता ना?"

"तुम्ही शेजारी येऊन उभ्या राहता... म्हणून."

माझ्या सोबतीला आलेल्या आत्याने स्वयंपाकघरातून हे ऐकलं. संध्याकाळी म्हणाली, "त्याला ब्रदर म्हणायचं सोड बाई. पुढे अवघड जाईल."

सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं. गार वारा सुटला. तीन वाजले तरी कुणी फिरकलं नाही.

"मी रस्त्यावरून कुणाला तरी धरून आणते."

"सक्तीचा विसावा चालत नाही."

"मग मी झोपते."

"घरचे चालत नाहीत. सभासदही नाहीत. तुमच्या बाबांचेच नियम!" मग तपासणीच्या कागदामागे त्याने चार ओळी खरडल्या. पक्षाचा राजीनामा.

"अहो, उमेदवार आहात तुम्ही!"

"मागच्या वेळी एकशे बारा मतं पडली होती. त्यातली दोन चुकून. उमेदवार दुसरा मिळेल, कलम नाही मिळणार."

"राजीनामा कुणाकडे द्यायचा असतो?"

"चिटणिसाकडे." त्याने खाली 'मंजूर' लिहून सही केली, चपला काढल्या आणि बाबांच्या पलंगावर आडवा झाला. आठवडाभराची रात्रपाळी अंगात होती. दोन मिनिटांत घोरू लागला.

मी दाराशी बसले. त्या खोलीतून पुन्हा कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता. मी तो चार वाजेपर्यंत ऐकत राहिले. डोळे पुसले, बस्स.

तो उठल्यावर रक्तदाब मला मोजावा लागला. तपासणीशिवाय दुपार धरत नाहीत.

"वाढलाय," मी म्हणाले.

"हात सोडा. उतरेल."

मी सोडला नाही. तसंच डाव्या हाताने वहीत लिहिलं : दुपार चाळिसावी, विसावा घेणारा एक. अक्षर वाकडं आलं.

"कलम झालं पक्कं," तो म्हणाला. "आता पक्षात मी नाही. उद्यापासून या घरात माझं काहीच काम नाही."

"मग बिनकामाचे या."

तो कानांपर्यंत लाल झाला.

"आणि कुलूप?" आतून आत्याने विचारलं.

"पस्तीस खोके पुस्तकं बांधायची आहेत, आत्या. इतक्यात कुठलं?"