चौथी फेरी

बर्फाच्या धुरळ्यातून शिंगं चालत येताना दिसली, तर कुणीही फास टाकेल, असं लेमेतचं म्हणणं होतं. त्या शिंगांखाली माणूस असेल, हे त्याला कसं कळावं?

ऑक्टोबरचे दिवस होते. गावामागच्या कुंपणात रेनडिअरांचा कळप गोल गोल धावत होता, खुरांनी उडवलेलं बर्फ सगळ्यांच्या नाकातोंडात जात होतं, आणि त्या गोंधळातून राव्दना मोठ्ठाली शिंगं डोक्यावर धरून पलीकडे निघाली होती. राव्दना शिंगं आणि हाडं कोरायची. सुऱ्यांच्या मुठी, सुयांच्या डब्या... आणि मनात आलं की पाखरं, अस्वलं, म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले चेहरे. नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या या कारासजोक गावात, नदीकाठी, तिच्या हाताचं काम लांबूनही ओळखू यायचं. कापलेल्या जनावरांची शिंगं न्यायला ती दरवर्षी इथे यायची, आणि आजवर कुणी तिला रेनडिअर समजलं नव्हतं.

फास सणकन आला, शिंगांत अडकला, आणि राव्दना बर्फात फतकल मारून बसली.

"कुणाचं जनावर?" कुंपणावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"कानावर मालकाच्या सुरीची खूण दिसत नाही," दुसऱ्याने मान वाकडी करून बघितलं. "बिनखुणेचं आहे. ज्याने पकडलं, त्याचं."

सगळं कुंपण हसलं. दोर गुंडाळत लेमेत धावत आला. उंच, किडकिडीत, आणि टोपीखालून दिसणारे कान लालबुंद. तो नदीच्या खालच्या अंगाला राहायचा. हिवाळाभर पठारावर कळपामागे आणि उन्हाळाभर समुद्राकाठी, त्यामुळे शाळा सुटल्यापासून तो गावात दिसलाच तर पाहुण्यासारखा. त्याने हात पुढे केला. राव्दनाने तो घेतला नाही. स्वतःच उठली.

"माझ्या कानाजवळ सुरी आणलीस ना, तर बघ."

"नाही आणत," तो म्हणाला. मग शिंगांकडे बघत, अगदी गंभीरपणे — "पण खरं सांगू? एवढं देखणं जनावर या वर्षात हाती लागलं नव्हतं."

शिंगांकडे बघून म्हणाला, की त्यांच्या खाली बघून, हे राव्दनाला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. घरी पोचल्यावरही नाही.

त्या झटक्यात त्याच्या फासाची कडी तडकली होती. दोर जिच्यातून सरकतो ती शिंगाची कडी. ती घेऊन दोन दिवसांनी तो तिच्या कारखान्यात हजर झाला. कारखाना म्हणजे आत्याच्या घरामागची एक खोली. एक चूल, एक खिडकी, आणि सगळ्यावर हाडाच्या भुकटीचा पांढरा थर. राव्दनाने नवी कडी करून दिली, आणि छिद्र मुद्दाम केसभर अरुंद ठेवलं. का ठेवलं, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. चार दिवसांनी तो परत आला. दोर अडकतो म्हणाला. तिने छिद्र वाढवलं. आठवड्याने तो तिसऱ्यांदा आला. हातात कडीचे दोन तुकडे.

"मोठा नर होता," तो म्हणाला. "असा ओढला..."

राव्दनाने तुकडे खिडकीजवळ धरले. ताणाने तुटलेलं शिंग रेषेत चिरतं, तिथे सरळ काट्यांसारखे धागे निघतात. हे तर ठेचलेलं होतं. कडेला हातोडीच्या तोंडाचा गोल ठसाही उमटला होता.

"मोठा नर होता?"

"भलताच."

"त्याला हातोडी कुणी दिली?"

लेमेतचे कान पुन्हा लाल झाले. राव्दनाने तुकडे बाजूला ठेवले आणि नवं शिंग हातात घेतलं. पण त्या दिवशी नवी कडी करायला तिला इतका वेळ लागला, की तिची गाद्जाआत्या दोनदा कॉफी देऊन गेली. दुसऱ्यांदा तर खास पाहुण्यासाठी घालतात तसे कॉफीत चीजचे तुकडेही घालून.

हिवाळ्याने सूर्य नेला. भरदुपारी खिडकीत नुसता निळा उजेड असायचा, आणि त्या निळ्या उजेडात आठवड्यातून एकदा लेमेतची बर्फावरची स्कूटर फटफटत यायची. कधी सुरीची मूठ सैल झालेली असे, कधी काहीच झालेलं नसे. तो चुलीपाशी बसून कळपातल्या गमती सांगायचा आणि ती हसत कोरायची. एवढं सगळं बोलायचा, पण जे बोलायला हवं तिथे त्याची गाडी रुतायची. एकदा "राव्दना, मी..." म्हणून थांबला, आणि पुढे "लाकडं आणतो" म्हणून बाहेर गेला.

एकदा आत्या तिच्या लग्नाची गोष्ट सांगत बसली. तिच्या काळी मागणी घालणारा बर्फावरच्या गाडीला रेनडिअर जुंपून यायचा, मुलीच्या घराभोवती तीन फेऱ्या मारायचा आणि दारात थांबायचा. मुलीने बाहेर येऊन रेनडिअर सोडला, की होकार. आत्याने सोडताना मुद्दाम वेळ लावला होता. बिचाऱ्याच्या मिशा गोठल्या, म्हणाली.

"आणि दार उघडलंच नसतं तर?" लेमेतने विचारलं.

"तर निघून गेला असता. पुन्हा विचारायचं नसतं रे. आणि घरच्यांनीही मध्ये पडायचं नाही, हाक मारायची नाही, ढकलायचं नाही. तिचं तिने उठायचं. तेच बरं असतं. त्याने तोंडाने विचारलेलं नसतं, तिने तोंडाने नाकारलेलं नसतं. कुणाचंच नाक कापलं जात नाही."

"हल्लीचे स्कूटरवर येतात," राव्दना कोरता कोरता म्हणाली. "मुलीने काय सोडायचं? पेट्रोलची नळी?"

आत्या खळखळून हसली. लेमेत मात्र हसता हसता गप्प झाला. आणि पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला, की जुंपायच्या नव्या साजाला शिंगाची खुंटी हवी आहे. गळपट्ट्याच्या चामडी फाशात अडकवायची, तसली.

"तू कधीपासून गाडी जुंपायला लागलास?"

"एकाला शिकवतोय."

"काय शिकवतोयस?"

"घराभोवती गोल फिरायला." तो चुलीकडे बघत होता. "तेवढंच शिकवायचंय त्याला."

राव्दनाच्या हातातली कानस थांबली. कुणाच्या घराभोवती, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं... पण तिने खुंटीची लांबी विचारली. तो गेल्यावर मात्र ती तशीच बसून राहिली आणि एकटीच हसली. तिला तो हवा होता. इतका हवा होता, की स्कूटरचा आवाज आला नाही तर तिला अख्खा दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा.

खुंटी तिने जीव ओतून केली. वर चिमुकला तितर कोरला, आणि खालच्या बाजूला एक खोडी करून ठेवली. फाशात जाताना ती लोण्यासारखी जायची, पण बाहेर काही केल्या निघायची नाही. अर्धी वळवून, तितराच्या शेपटीवर अंगठ्याने दाबलं तरच निघायची. ओढू दे त्याला, झटू दे, मग येईलच विचारायला, असा तिचा हिशेब होता. पण लेमेतने तो साज जपून ठेवला. शिकवणी जुन्या साजावर चालली. नवा त्या एका दिवसासाठी होता.

एप्रिल आला. उजेड इतका, की डोळे दुखावेत. कळप पुढच्या मंगळवारी समुद्राकडे निघणार होता, आणि निघाला की लेमेत शरदापर्यंत गावाला दिसणार नव्हता. बुधवारपासून राव्दना कान टवकारून होती. छपरावरून बर्फ घसरलं तरी दाराकडे धावायची. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी ती स्वतःवर चिडली. रविवारी सकाळी तिने ठरवलं, पुरे झालं. किनाऱ्यावरच्या वाचनालयाला तेरा हाडाची पाखरं द्यायची होती, त्यातली पाच अजून घासायची होती. तिने नाकातोंडावर पट्टी बांधली, कानांवर आवाज अडवायचे जाड डबे चढवले, आणि घासायचं यंत्र सुरू केलं.

दीड तासाने डबे गळ्यात घेऊन ती पाणी प्यायला घरात आली, तेव्हा आत्या खिडकीशी बसली होती. कॉफी गार झालेली, डोळे ओले.

"काय झालं गं, आत्या?"

"काही नाही. तुझा निर्णय. मी कोण बोलणारी?" आत्याने नाक पुसलं. "पण चांगला मुलगा होता. इतका वेळ दारात थांबला. चौथी फेरी तर रीतीतही नाही... तीही मारली त्याने."

 राव्दनाने गळ्यातले डबे चाचपले, आणि ते बघून आत्याचा हात तोंडावर गेला.

"तुला ऐकूच नाही आलं?"

"हाक का नाही मारलीस?"

"मारायची नसते! मला वाटलं, तू मुद्दाम..."

पुढचं ऐकायला राव्दना थांबली नाही. नकार मिळालेला माणूस पुन्हा विचारत नाही. लेमेतसारखा तर मुळीच नाही. परवा तो निघणार, सबंध उन्हाळा हेच मनात घेऊन फिरणार, आणि शरदात परतेल तेव्हा दुरून मान हलवून पुढे जाईल. ते चित्र तिला डोळ्यांसमोर दिसलं आणि रडू फुटलं. रडतच तिने पायाने रेटायची घसरगाडी काढली आणि नदीच्या बर्फावर घातली. हातमोजे घरीच राहिले. सहा किलोमीटर ती एका पायाने रेटत राहिली, पाय दुखला की दुसऱ्याने. मनात एकच होतं. त्याने रेनडिअर सोडून मोकळा केला असेल, तर मी सोडणार काय?

लेमेतच्या अंगणात गर्दी होती. परवाच्या प्रवासाची बोचकी बांधून पडली होती. मधोमध तो रेनडिअर अजून जुंपलेलाच उभा, आणि त्याच्याभोवती लेमेतचे दोघे भाऊ. थोरल्या हेइकाच्या हातात करवत. लेमेत गळपट्ट्यावर पंजा ठेवून उभा होता.

"तासभर झटतोयस," हेइका म्हणत होता. "निघत नाही ती खुंटी. कापू दे. ते जनावर उपाशी आहे."

"पट्टा काप. खुंटीला करवत लावायची नाही."

"नवा पट्टा? एका खुंटीसाठी? जिने दारसुद्धा..."

"हेइका," लेमेत म्हणाला, "खुंटीला नाही."

"करवत खाली ठेव," राव्दना म्हणाली.

सगळे वळले. गळ्यात डबे, केसांत, भुवयांवर, पापण्यांवर हाडाची भुकटी, आणि गालांवरून आसवांनी काढलेल्या दोन वाटा. पिठाच्या गिरणीतून उठून आल्यासारखी ती दिसत होती. पायरीवर लेमेतची आई उभी होती, तिने हातातली किटली हळूच खाली ठेवली. लेमेतचा चेहरा अगदी कोरा होता. तो एक पाऊल मागे सरला, तिला वाट देण्यापुरता.

राव्दनाने खुंटी धरली. बोटं इतकी बधिर झाली होती, की तितराची शेपूट हाताला लागेना. तिने बोटांवर फुंकर घातली. पुन्हा धरली... अर्धी वळवली, अंगठ्याने दाबलं.

खुंटी निघाली. गळपट्टा बर्फात पडला. रेनडिअरने मान झटकली आणि सरळ चाऱ्याकडे चालू लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

 मग हेइका पुटपुटला, "म्हणजे तेवढंच करायचं होतं?" आणि त्याच्या आईने त्याला कोपराने ढोसलं. आत जाऊन लाकडं घाल, म्हणाली. तुम्ही सगळेच आत चला.

अंगण रिकामं झालं. लेमेत गाडीच्या कडेवर मटकन बसला. चेहरा दोन्ही हातांत धरला आणि लांब, खूप लांब श्वास सोडला.

"मला ऐकू आलं नाही," राव्दनाने गळ्यातले डबे हलवून दाखवले. "यंत्र चालू होतं. आठवडाभर खिडकीला चिकटले होते रे मी... आजच नेमकी..."

"मला वाटलं, तू आतून बघते आहेस. आणि येत नाहीस."

"मग चौथी कशाला मारलीस? चौथी कुणाच्या रीतीत आहे?"

"रेनडिअर वळेना," तो म्हणाला. तिने नुसतं बघितलं. तो ओशाळून हसला. "नाही. वळत होता. मलाच जाववेना. म्हटलं, कदाचित... ऐकलं नसेल तिने."

राव्दनाला पुन्हा रडू आलं, पण हे वेगळं होतं, आणि त्यात हसूही मिसळलेलं होतं. तिचे गारठलेले हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतले. हातोडीने स्वतःचीच कडी फोडणारे ते हात, भलतेच ऊबदार होते.

"मंगळवारी मला जावं लागेल," तो म्हणाला.

"जा. पाखरं पोचवायला मलाही किनाऱ्यावरच यायचं आहे. जूनमध्ये येईन. शिंगं डोक्यावर घेऊन नाही येणार."

"राव्दना... रीतीत बसत नाही, पण... एकदा तोंडाने विचारू?"

"विचार," ती म्हणाली. "आता ऐकू येतंय."

त्याने विचारलं. आणि आत्याची भाची शोभावी म्हणून तिने उत्तर द्यायला थोडा वेळ लावला. फार नाही. त्याच्या मिशा गोठायच्या आत दिलं.