घडीवरची शाई

दार उघडलं तर समोर तो. दोन्ही तळहातांवर एक कागद, जणू सांडू नये अशा बेताने धरलेला.

"जुने कागद तपासणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"हो. पण हा... एवढा सपाट कसा?"

"फार चुरगळला होता हो. इस्त्री मारली. कोर्टात जायचं म्हणजे नीटनेटकं नको?" त्याची लाँड्री होती.

मी कपाळावर हात मारला. दीडशे वर्षांचं खरेदीखत! त्याच्या आत्याचं घर या एका कागदावर उभं. समोरची पार्टी म्हणत होती, हा कालपरवा बनवलाय. आणि या पठ्ठ्याने तो करकरीत करून आणलेला!

पण भिंगाखाली ठेवला आणि... मी श्वास घ्यायलाच विसरले.

"इकडे या. ही जुनी घडी. तुमच्या इस्त्रीला दाद दिली नाही तिने. शाई वाळल्यावर कागद दुमडलाय, म्हणून अक्षर इथे तडकलंय. जुन्या, दुमडलेल्या कोऱ्या कागदावर कुणी कालपरवा लिहिलं असतं, तर शाई घडीत पसरली असती."

तो वाकला. बराच वेळ उठेचना.

"कुणीतरी बसून ही घडी घातली असेल ना... माझ्या पणजोबांचाही पत्ता नव्हता तेव्हा," तो हळूच म्हणाला. "मी रोज दोनशे घालतो. एकही संध्याकाळपर्यंत टिकत नाही."

त्याच्या पापण्या ओल्या होत्या. मी उगाच भिंग पुसत बसले.

कोर्टात समोरच्या वकिलाने मला विचारलं, "हे गृहस्थ तुमच्याकडे कितीदा आले?"

"बारा वेळा."

"आणि कागद किती?"

"एक."

खसखस पिकली.

"मग अकरा वेळा कशाला?"

"माझा ॲप्रन... इस्त्री करून द्यायला."

"बाई, शपथेवर सांगा — तुमचं यांच्यावर प्रेम आहे?"

आत्यांनी बाक घट्ट धरला. 'हो' म्हटलं तर माझा रिपोर्ट रद्दीत, त्यांचं घर गेलं. 'नाही' म्हटलं तर... माझं तर कामच खोटं पकडायचं!

"आहे," मी म्हणाले. "पण रिपोर्ट पहिल्याच दिवशी दिलाय, तारीख बघा. प्रेम... तिसऱ्या ॲप्रनला झालं. आणि माझं नका ऐकू, कागदाचं ऐका. भिंग आणलंय."

जज्जसाहेब खाली उतरले. वाकले. भिंगाला डोळा लावला.

"अरे बाप रे..."

मग वकिलानेही डोळा लावला, आणि आपली फाईल मिटून टाकली.

"कागद खरा आहे," साहेब म्हणाले.

आत्यांनी भाच्याला कोपर मारलं. "ठोंब्या, ती बोलली की! तू भिंत काय बघतोस?"

तो उभा राहिला. कानांपर्यंत लाल.

"साहेब... मलाही शपथ द्या."