आरशातली थरथर

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त घोट्यांपर्यंत. ती गॅरेजच्या खड्ड्यात उभी होती, डोक्यावर कुणाची तरी जीप होती, आणि जीपखालच्या फटीतून दोन बूट दिसत होते. बूट चक्क पॉलिश केलेले. गॅरेजमध्ये असे बूट घालून येणारा माणूस एक तर विमा विकायला येतो किंवा पत्ता चुकलेला असतो, असा तिचा अनुभव.

"वस्ताद आहेत का?" बुटांनी विचारलं.

"बाहेर आहेत. पण काम मी करते."

बूट अर्धं पाऊल मागे सरकले. मग त्यांच्या शेजारी एक चेहरा आला, उलटा, आणि अजिजीने म्हणाला, "गाडी थरथरते हो..."

तो खड्डा कधीच बुजवला गेलाय, त्यावर आता फरशी आहे. पण तो उलटा चेहरा तिला अजून आठवतो, कपाळावरून लोंबणाऱ्या केसांसकट.

तेव्हा गाडीचा आजार यंत्र सांगत नसे, हात सांगत. वस्तादांची, म्हणजे तिच्या वडिलांची, नजर अधू झाली तशी त्यांची हत्यारं तिच्या हातात आली. गिऱ्हाईकं तिला ताई म्हणत. समोरचा टायरवाला ताई म्हणे. वस्तादांपेक्षा वयाने मोठा असलेला विमावालाही ताईच म्हणे. हा एकटा माणूस त्या शब्दाला वळसा घालून बोलायचा. वाक्य तिथपर्यंत आलं की तो अडखळायचा, "अहो... हे..." करायचा, आणि पलीकडे उतरायचा. तिच्या ते लक्षात आलं होतं. आपल्या लक्षात आलंय हे मात्र तिने बरेच दिवस स्वतःलाही कळू दिलं नाही.

तो आरसेवाला होता. दुकानांचे, न्हाव्यांचे, नाचाच्या वर्गांचे पुरुषभर उंचीचे आरसे ट्रकमधून पोचवायचा. बाजाराच्या जुन्या कमानीखालून उभा आरसा जाईना, म्हणून त्याने ट्रकचे मागचे-पुढचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलून गाडी चार बोटं खाली बसवून घेतली. कमान सुटली, पण गाडीला थरथर जडली. साठच्या पुढे काटा गेला की आरसे चौकटीत कुरकुरायला लागत. दोन तडकलेही. तीन गॅरेजांनी टायर बदलले, चाकं तोलली, इंजिनाखालचे रबर नवे घातले. डोकं दुखतंय म्हणून तिघांनी मिळून तीन दात उपटावेत, त्यातला प्रकार.

ती त्याच्या शेजारी बसून गाडी फिरवायला निघाली. साठला तिने त्याला गाडी न्यूट्रल करायला सांगितली. इंजिनाचा आवाज खाली बसला, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन निर्दोष. स्टेअरिंग शांत, म्हणजे पुढची चाकंही सुटली. राहिला इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट.

"या आरशात तुम्ही दोन दिसताय," तो वरच्या छोट्या आरशाकडे बघत म्हणाला.

"समोर बघा. रस्त्यावरचे ट्रकही दोन दिसायला लागले की सांगा."

त्याने समोर पाहिलं. पण वळणापुरतंच.

गॅरेजमध्ये परतल्यावर तिने त्याला समजावलं. शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे असतात. एक जितका वाकतो तितकंच दुसऱ्याने वाकायचं, म्हणजे एकाचा झटका दुसरा गिळतो. गाडी खाली बसवली तेव्हा हे गणित कुणी पुन्हा मांडलंच नव्हतं. मग दोन्ही सांधे अगदी सरळच का करू नयेत, असं त्याने विचारलं. ती म्हणाली की तसं केलं तर आतल्या बेअरिंगच्या सुया जागच्या जागी बसून झिजतात. दोघांनी थोडं थोडं वाकलेलंच बरं. ती शाफ्टबद्दल बोलत होती. तो कशाबद्दल ऐकत होता, ते त्याच्या चेहऱ्यावरून सांगणं कठीण होतं.

कोन मोजताना जॅक लावायचा नाही, ही वस्तादांची शिकवण. गाडी उचलली की पाटे लोंबतात आणि कोन खोटं बोलतो. चाकं जमिनीवर हवीत, माल पाठीवर हवा. त्याने आठ आरसे चढवले, ती पितळी कोनमापक घेऊन खड्ड्यात उतरली. पुढचा सांधा दोन अंश वाकलेला, मागचा पाच. तिने मागच्या आसाच्या आणि पाट्याच्या मधे तीन अंशांची लोखंडी पाचर स्वतः घासून बसवली, आणि सत्तरने गाडी पळवली. आरशात एकच चेहरा होता, स्वच्छ, नाकावर ग्रीस लागलेला.

"एकच," तो म्हणाला. आवाजात समाधान कमी आणि हुरहूर जास्त.

आठ दिवसांनी तो परत आला. थरथर पुन्हा सुरू झाली, म्हणाला.

परत आलेलं काम गल्लीत लपत नाही. टायरवाल्याने दुपारपर्यंत ही बातमी दोन्ही टोकांना पोचवली, वर ताईची कीव करून ठेवली. आणि वस्तादांनी भाच्याला शब्द दिला होता, की ताईची कामं परत यायला लागली तर गॅरेज तुझं. हा भाचा म्हणजे तिचा आतेभाऊ. हमरस्त्यावर त्याचं मोठं गॅरेज होतं, आणि ताईला तिथे टेबलाशी बसून फोन घ्यायला ठेवण्याइतका तो उदार होता.

तिने पाचर काढून पुन्हा बसवली. सांधे नवे घातले. तो दहा दिवसांनी पुन्हा हजर. तिने शाफ्ट काढून सरळ आहे की नाही ते तपासलं, स्वतः चालवून पाहिलं. काहीच थरथरेना. काल मात्र थरथरत होती, असं तो बूट न्याहाळत म्हणाला. आता तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडायला लागला. जेवतानाही ती बोटांकडे बघायची.

तो तिसऱ्यांदा परत आला तेव्हा आतेभाऊ फीत घेऊन दाराचं माप काढत होता. वस्ताद दाराशीच खुर्ची टाकून बसले होते.

तिने वही काढून पहिल्यापासून प्रश्न विचारले. किती वेगाला? चढाला की उताराला? माल किती? त्याने सगळ्यांची मनापासून उत्तरं दिली. यादी संपत आली तसं तिने केवळ थकव्यापायी विचारलं, "आणि गाडी उभी असताना?"

"उभी असताना तर जरा जास्तच."

पेन्सिल थांबली.

"शाफ्टच ना?"

"शाफ्टच."

"गाडी उभी असताना शाफ्ट फिरतच नाही."

"...अजिबात?"

"अजिबात."

त्याचे कान लाल झाले. दुसरी कुणी असती तर हसली असती. ती हसली नाही.

"तो फीतवाला दिसतोय ना, तो माझा आतेभाऊ. तुम्ही इथे फेऱ्या मारल्यात, आणि माझं गॅरेज चाललंय त्याच्या घशात."

त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो सरळ दाराशी गेला. तिथे वस्ताद होते, आतेभाऊ होता, आणि काही काम नसताना टायरवालाही होता. गाडी पहिल्याच दिवशी नीट झाली होती, त्याने सांगितलं. पुढे तिन्ही वेळा तो खोटं बोलला.

"कशासाठी?" वस्तादांनी विचारलं.

"बिघाड सांगितला की या समोर येऊन उभ्या राहतात. बिघाड नसताना काय सांगून यायचं... ते मला सुचलं नाही."

टायरवाला मटकन टायरावर बसला. पुढे कितीतरी वर्षं तो हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे, हावभावांसकट. वस्तादांनी मात्र ट्रकमध्ये चढून, तळाशी हात टेकवून एक चक्कर मारून घेतली. उतरल्यावर त्यांनी भाच्याला फीत गुंडाळायला सांगितलं.

तो माफी मागून ट्रककडे वळला. आता यायला कारणच उरलं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. त्याने इंजिन सुरू केलं... आणि तिने दारावर हात ठेवला.

"उद्या या," ती म्हणाली. "गाडी न आणता."

दुसऱ्या दिवशी तो दीड तास चालत आला. बूट धुळीने भरलेले. खड्ड्याच्या काठाशी येऊन नुसताच उभा राहिला.

"काय झालंय?" तिने खालून सवयीने विचारलं.

"काहीच नाही..." त्याने श्वास घेतला. "काही बिघडलेलं नाही. तुम्हाला भेटायला आलोय."

तिने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि वर आली.

"मग बसा."

गॅरेजमध्ये खुर्ची एकच होती आणि तिच्यात वस्ताद बसले होते. ते उठले, या वयात थोडं चालणं बरं असतं असं कुणीही न विचारता सांगितलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत फिरायला गेले.