धावपट्टीवरचा झोका

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगितलं तर लोक हसतील. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला होता. पाहुणे येणार आहेत, चार दिवसांचं माहेरपण दोन दिवसांत आटप. मी लगेच ‘हो’ म्हटलं. मग सावनीला सांगितलं, की आखाजी झाली की दुसऱ्या सकाळी अभिमनमामा आपल्याला गाडीने जळगावला सोडणार. पाच वर्षांची पोर. तिने आदळआपट करायला हवी होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि खेळायला निघून गेली. एरवी ती रडली की मला काळजी, आता रडली नाही म्हणून काळजी. रात्रभर पंख्याकडे बघत एकच विचार. हे निमूट ‘हो’ म्हणणं ती माझ्याकडूनच शिकली का?

आखाजीच्या रात्री जेवणं झाल्यावर धुळ्याच्या आमच्या गच्चीवर गाद्या टाकल्या. सावनी माझ्या मांडीवर डोळे मिटून. समोर नाना. नाना म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, हवाई दलात विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले. त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसरात्र युद्धाच्या गप्पा चालल्या होत्या. त्यात धरणगावकडची जुनी धावपट्टी सरकार पुन्हा सुरू करणार अशी बोलवा, म्हणून नाना रंगात होते.

“नाना, त्या पट्टीवर मी स्कूटर शिकलो,” अभिमन म्हणाला. “लोक मिरच्या वाळवतात तिथे. शत्रू बघून हसेल.”

“शत्रूचं लक्ष जाऊ नये म्हणूनच असल्या जागी बांधतात, शहाण्या.”

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्रेचाळीस साल. मुंबईच्या बंदरावर जपानचे बॉम्ब पडले तर विमानं मागे आणून ठेवायला जागा हवी. समुद्रापासून लांब, पण रेल्वेच्या जवळ, म्हणजे पेट्रोलची पिंपं थेट येतील. काळ्या मातीत पाया धरत नाही, म्हणून मुरूम आणून ओतला. वारा पश्चिमेचा, म्हणून पट्टी पूर्व-पश्चिम. युद्ध संपलं, गोरे गेले. पासष्टला आणि एकाहत्तरला तिथे पुन्हा पहारा बसला होता. राखीव तळ.

मी विचारलं, उतरली किती विमानं?

नाना म्हणाले, राखीव तळाचं मोल असं विमानं मोजून कळत नाही. तो आहे, एवढंच पुरतं. मला ते उत्तर आवडलं नाही. घरात राखीव कोण असतं ते मला चांगलं माहीत आहे.

“एकच अडचण होती,” नाना म्हणाले. “विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. म्हणजे पूर्वेकडून खाली येणार. आणि नेमकं तिथे गावाचं निंबाचं झाड.”

गावाचं नाव ते सांगत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. त्या झाडाला आखाजीचा झोका बांधायचे. सासरहून आलेल्या लेकी दिवसभर झोका घ्यायच्या, गौराईची गाणी म्हणायच्या. वर्षातून तेवढेच दिवस त्यांना कुणी हाक मारून उठवायचं नाही. झाड तोडायचा हुकूम आला तो आखाजीलाच. मजूर कुऱ्हाडी घेऊन आले. बाकीच्या पोरी उतरल्या. तानुबाई नावाची एक उतरली नाही. ‘मी नही उतरस’ म्हणाली आणि झोका अजून उंच नेला. मुकादमाने तिच्या बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, घाव पडला की उतरेल.

नानांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“मग?” अभिमन.

“मग झाड पडलं. तिच्यासकट.” पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, “हट्टी होती.”

“हट्टी ती होती?” माझा आवाज चढला. “एक दिवस थांबता येत नव्हतं? जपान आखाजी बघून येणार होता का?”

“युद्धात दिवस बघत नाहीत, बाई.”

“बाईचाच दिवस बघत नाहीत, नाना.”

मोठ्यांशी असं मी कधी बोलत नाही. बोलून झाल्यावर कान तापले. नाना रागावतील वाटलं. पण ते आवाज खाली उतरवून म्हणाले, हिलालला विचार. त्यानेही आधी बाईचा दिवस बघितला नाही. मग स्वतःच सांगू लागले.

हिलाल आमच्या गल्लीतला, छोटा हत्ती टेम्पो चालवणारा. गेल्या वर्षी, चोवीस सालच्या मे महिन्यातली नऊ तारीख, गुरुवार, आखाजीची आदली रात्र. तो बहिणीला, वैजंताला, आणायला तिच्या सासरी गेला होता. मुऱ्हाळी म्हणून. सासरच्यांनी आधी भांडी, मग भाकरी, मग अजून काही काढून तिला रात्री सोडलं. बीजेची कोर केव्हाच मावळली होती. रस्ता वाचावा म्हणून हिलालने धावपट्टीवरून गाडी घातली. दोन्ही बाजूंना कापसाची मोकळी रानं, झाड नाही, खांब नाही. नुसती पट्टी, अंधारात सरळ गेलेली.

मध्यावर आले आणि फोन वाजला. वैजंताच्या सासऱ्यांचा. सासूच्या पोटात दुखतंय, वैजंताला परत आण. मागून सासूचाच आवाज येत होता, टीव्ही बारीक कर म्हणून कुणाला तरी ओरडणारा. हिलालला ऐकू आला. वैजंतालाही आला.

हिलाल म्हणाला, “बरं.”

त्याने गाडी वळवायला घेतली.

तेव्हा आवाज आला. कर्र… कर्र… दोर ताणल्यासारखा.

त्याला वाटलं, मागची फळी. ब्रेक दाबला. गाडी थांबली. आवाज थांबला नाही.

कर्र…

वरून येत होता. वर काही नव्हतं. आकाश होतं.

त्याने पुन्हा चाक फिरवलं. आणि दिव्यांच्या उजेडात पावलं आली. अनवाणी. जोडलेली. वरून खाली, काचेच्या दिशेने… आणि मागे गेली. अंधारात.

कर्र…

पुन्हा आली. आता जवळ.

हिलालने चाक सोडलं. देवाचं नाव आठवेना.

पुन्हा… काचेला लागली. हलकेच. दोन्ही तळवे.

शेजारचं दार उघडल्याचा आवाज झाला. वैजंता उतरली होती. दिव्यांच्या उजेडातून ती चालत पुढे गेली. घाई नाही. भीती नाही. उजेड संपला तिथे दिसेनाशी झाली.

हिलालने हाक मारली.

मग दोर पुन्हा वाजू लागला. पण आता जड. दोघींचं वजन असल्यासारखा. आणि कुणीतरी हसलं. त्याच्या बहिणीचं हसू… लग्नानंतर त्याने ते ऐकलं नव्हतं.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही.

दार लागलं. वैजंता येऊन बसली होती. केस सुटलेले. “भाऊ,” ती म्हणाली, “घर चाल.”

फोन पुन्हा वाजत होता. त्याने तो बंद केला आणि गाडी माहेरच्या दिशेने सरळ केली.

नाना बोलायचे थांबले. खाली रस्त्यावर एक कुत्रं भुंकून गप्प झालं. अभिमनने विचारलं, खोटं कशावरून नाही?

“सकाळी ती पुरण वाटायला बसली, तेव्हा तिच्या आईने बघितलं,” नाना म्हणाले. “दोन्ही तळहात सोललेले होते. काथ्याच्या दोराने सोलतात तसे. अजून वण आहेत. विचारलं की ती मूठ मिटते.”

लहान मुलासमोर असल्या गोष्टी सांगू नयेत हे मी दहा ठिकाणी वाचलंय, आणि तरी मी त्यांना थांबवलं नव्हतं. सावनी झोपली असेल म्हणून मी खाली बघितलं. तिचे डोळे टक्क उघडे होते. ती उठून बसली, आणि नानांकडे नाही, माझ्याकडे बघून तिने विचारलं,

“आई, उद्या आपली गाडी परत इकडे कोण वळवणार?”