एकाच झाडाची कलमं

डोक्यांना कलमं बांधायला लागले, त्या वर्षापासून इंजिनियरिंग कॉलेजच्या मेसमध्ये वांग्याची भाजी उरायला लागली. थोडीथोडकी नाही, टोपच्या टोप! मेस चालवणाऱ्या मकरंद केळुसकरला आधी वाटलं, मसाला बिघडला असेल. त्याने मसाला बदलला, आचारी बदलला, भरली वांगी करून बघितली, भरीत करून बघितलं. पोरं ताट पुढे करायची आणि वांगं दिसलं की एकजात नाक मुरडायची. तेही डावीकडे. तेव्हा कुठे मकरंदच्या डोक्यात प्रकाश पडला. हे डावीकडचं नाक मुरडणं तो लग्नापासून स्वतःच्या घरी बघत आला होता.

त्याचं असं झालं होतं. पूर्वी कॉलेजांचा दर्जा तपासायला कमिटी यायची. कमिटी येणार म्हटलं की भिंतींना रंग, भाड्याच्या कुंड्या, शेजारच्या कॉलेजातून उसनी आणलेली यंत्रं आणि उसनेच प्राध्यापक. एक प्राध्यापक तर म्हणे तीन कॉलेजांत तीन नावांनी भेटला आणि चौथ्या कॉलेजात कमिटीतच बसलेला सापडला. पदव्या खिरापतीसारख्या वाटल्या गेल्या. मग पूल पडले, माणसं गेली, आणि सरकारने दर्जा मंडळ नेमलं. मंडळाने आणलं समजकलम.

समजकलम म्हणजे काय, ते शलाकाने नवऱ्याला ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं. डॉ. शलाका केळुसकर म्हणजे डोंगर आणि माती यांच्या विद्येतलं राज्यातलं पहिलं नाव.

"हे बघ, मी एखाद्या डोंगराचा विचार करते, तेव्हा माझ्या मेंदूत ठरावीक वाटांनी विजा धावतात. वर्षानुवर्षं विचार करून त्या वाटा मळल्यात. त्यालाच आपण समज म्हणतो."

"बरं."

"त्या वाटांचा ठसा घ्यायचा. तो झाला डोळा, आंब्याच्या कलमाला भरतात तसा. मग चुंबकाच्या ठोक्यांनी त्याच वाटा पोरांच्या मेंदूत पाडायच्या. पोरगं हुशार असो की ढ, डोंगर बघताना ते माझ्यासारखाच विचार करणार. दर्जा खाली जायचा प्रश्नच नाही!"

"आणि तुझा स्वभाव?"

"तो कशाला जातोय?"

"वांगी उरतायत, शलाका."

मंडळाला विचारलं, तर मंडळ म्हणालं, आवडीनिवडी थोड्या उतरतात, किरकोळ आहे. निकाल बघा ना! निकाल खरंच बघण्यासारखे होते. सगळ्या कॉलेजांत सगळ्यांना सारखेच उत्तम गुण. पुढे पेपर काढणारे, तपासणारे, मंडळावर बसणारेही शलाकाचीच कलमं झाले. तीस हजार इंजिनियर आणि झाड एक. मकरंद मित्रांना सांगायचा, "मी एकीशी भांडून दमलो होतो. आता राज्यभर कुठेही भांडता येतं."

गणपती होऊन गेले, आणि एका संध्याकाळी शलाका चिखलाच्या बुटांनी तशीच घरात आली. पाणंदवाडीच्या डोंगरावर गेली होती. जिन्याच्या पायरीवर बसली, चष्मा काढला.

"मकरंद, मी चुकले."

मकरंदच्या हातातली ताटली खाली पडली. हे वाक्य त्याने या घरात कधी ऐकलं नव्हतं.

"डोंगरावर वर जांभा असतो," ती म्हणाली. "दगड कडक, पण भोकाभोकांचा. पाणी त्यातून खाली झिरपतं. खाली पांढरी माती असते, साबणासारखी निसरडी. मी जन्मभर शिकवलं, की वरची भेग रुंदावली नाही तर डोंगराला धोका नाही."

"मग?"

"भेग आहे तशीच आहे. पण पायथ्याचा झरा गढूळ झालाय. पांढरा, ताकासारखा. म्हणजे खालची माती धुऊन चाललीय. डोंगर वरून नाही, बुडातून सुटतोय. आणि खाली अख्खी वाडी आहे रे!"

असले निर्णयही आता दर्जा मंडळच घ्यायचं. वाडी हलवायची तर त्याच्या सुनावणीत तीन इंजिनियरांनी हो म्हणायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी शलाका गेली. मकरंद सोबत गेला आणि मागच्या बाकावर बसला. ती पोटतिडकीने बोलली. तिघांनी ऐकून घेतलं. मग तिघांनी शलाकासारखाच एका बोटाने चष्मा वर सरकवला आणि मधली बाई म्हणाली, "मॅडम, एका झऱ्यावरून डोंगर हलत नसतो."

वाक्य शलाकाचंच होतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाचं.

"अगं, पण मीच सांगतेय ना, की ते चूक आहे!"

"मॅडम, मोजमापाला धरून बोलू या," डावीकडचा म्हणाला. हेही तिचंच.

उलट मंडळाने तिची चाचणी घेतली. ती प्रमाण समजेपासून, म्हणजे स्वतःच्याच जुन्या ठशापासून, ढळलेली निघाली. पुन्हा शिकवायचं असेल तर स्वतःच्याच जुन्या समजेचं कलम बांधून घ्या, असं तिला नम्रपणे सुचवण्यात आलं.

घरी आल्यावर दारातच ती म्हणाली, "पूर्वी शंभरातला एखादा तरी उठून म्हणायचा, बाई, मला नाही पटत. राग यायचा मला. आता तो एक कुठून आणू?"

मकरंदने चहा टाकला. बराच वेळ ढवळत राहिला.

"शलाका, मी तुला आजवर काही पटवून देऊ शकलोय?"

"नाही."

"गच्ची गळत होती, तेव्हा मी काय म्हटलं होतं?"

"तू म्हणालास, गच्ची झकास आहे, थेंब गळत नाही."

"आणि मग तू काय केलंस?"

"बॅटरी घेऊन वर गेले. सगळ्या फटी शोधून..." ती थांबली. चष्मा वर गेला. "मेल्या! तू मला फसवत होतास?"

"संसार करत होतो."

"अजून काय काय?"

"ते नंतर. आधी वाडीचं बघू."

तिच्या लगेच लक्षात आलं आणि चेहरा उतरला. मंडळापुढे जाऊन, डोंगर ठणठणीत आहे, असं सांगायचं. तिच्या नावाने, तिच्या सहीने. आणि त्यांनी ते सरळ मान्य केलं तर?

"तर वाडी माझ्या सहीखाली गाडली जाईल," ती म्हणाली.

"तू त्यांच्या जागी असतीस तर मान्य केलं असतंस?"

तिने कपातला चहा गार होऊ दिला. "कोणी मला, तपासू नका म्हटलं असतं," ती सावकाश म्हणाली, "तर मी अनवाणी डोंगर चढले असते."

पुढची सुनावणी खुली होती. वाडीतली माणसं आली होती, गावातलेही बरेच होते. शलाका उभी राहिली. तिने हात पाठीमागे धरले.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "डोंगराला काहीही झालेलं नाही. मी नीट तपासलंय. तुम्ही तिकडे जायची मुळीच गरज नाही. झऱ्याकडे तर बघूसुद्धा नका."

वाडीतल्या एका म्हातारीने सुटकेचा श्वास सोडला. कागदावर सही करायला मधल्या बाईने पेन उघडलं.

मग तिचा चष्मा वर गेला.

"झऱ्याकडे का बघायचं नाही?"

"नीट तपासलंय म्हणजे कोणी तपासलं? कसं?" डावीकडचा म्हणाला.

"गाडी काढा," तिसरा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तिघं गुडघाभर पांढऱ्या चिखलात उभे होते आणि मॅडमना कसं खोटं पाडलं, ते एकमेकांना सांगत होते. वाडी शाळेत हलली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवत असताना डोंगर बसला. आवाज असा, की शाळेच्या खिडक्या उघडझाप करायला लागल्या. घरं गेली, गोठे गेले, माणूस एकही गेला नाही. म्हातारीने शलाकाचा हात धरला आणि सोडेचना.

तीस हजार डोक्यांत शलाकाच्या नव्या समजेचा डोळा भरायचा ठराव झाला. शलाका कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

दिवाळीच्या तोंडावर एक माणूस मकरंदकडे आला. मिहीर पालव, बिल्डर. हसरा, नम्र, हातात खाज्याचा पुडा. ओटीवर टेकला.

"काका, त्या दिवशी मी हॉलमध्ये होतो. मॅडम बोलल्या, ते ऐकलं. म्हटलं, ही युक्ती मॅडमची नाही. हे कोणीतरी त्यांच्यासोबत राहिलेल्या माणसाचं काम."

मकरंदने पुडा घ्यायला हात पुढे केला नाही.

"समुद्राकडच्या डोंगरावर आमचे टॉवर अडलेत. इंजिनियर सही देत नाहीत. मी पुरावे देतो, पैसे देतो, विनवण्या करतो. चष्मा वर करतात आणि नाही म्हणतात." तो पुढे सरकला. "नाही कसं म्हणायला लावायचं, ते तुम्ही दाखवलंत. आता एवढंच सांगा. मॅडमना हो कसं म्हणायला लावायचं?"

मकरंदला ते माहीत होतं. जन्मभर माहीत होतं. ते त्याचं एकट्याचं होतं, घरातलं, जपलेलं.

"उठा," तो म्हणाला. "तो पुडाही घेऊन जा."

पालवला जराही राग आला नाही. चपला घालताना तो म्हणाला, "हरकत नाही, काका. माझ्या ऑफिसात एक कलमी इंजिनियर आहे, तुमच्या मॅडमचाच. त्याचं लग्न झालंय. त्याच्या बायकोला विचारतो."

फाटक वाजलं. आतून शलाकाने हाक मारली, "कोण होतं रे?"

सरळ सांगितलं तर ती पुरावा मागेल, हिशोब मागेल, आणि तोवर तो माणूस त्या बायकोच्या दारात पोचलेला असेल. मकरंदने आयुष्यभराच्या सवयीने तीच उलटी वाट धरली.

"कोणी नाही. सगळं झकास आहे."

आणि तो तिच्या चष्म्याकडे बघत राहिला.

चष्मा वर गेला नाही. आता तिला ती युक्ती माहीत होती; नवरा थट्टा करतोय, असंच तिला वाटलं. ती हसली, "पुरे हां," म्हणाली आणि पणत्या पुसायला वळली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.