चार नंबरचा पोळपाट

लाईट बारा वाजता येणार म्हणतात, म्हणजे आपण एक धरून चालायचं. तोवर या विहिरीच्या मोटारीपाशी बसून डासच मारायचे आहेत. आता तुम्ही म्हणता, आप्पा, भुताची सांगा. भुताची मला येत नाही बाबांनो. उलट्या पायाची बाई मी कधी पाहिली नाही, आणि ज्यांनी पाहिली म्हणतात त्यांच्या खिशात बहुधा क्वार्टर सापडते. पण फुलंब्रीचा बन्सी माहीत आहे ना, काळी-पिवळी जीप चालवतो तो? दारू सोडा, सुपारीलासुद्धा शिवत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत घडलेली एक आहे. त्यानं मला सांगितली तशीच सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही.

दोन हजार एकोणीस साल. सोळा मे, गुरुवारची पहाट. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, उलट पुनव दोन दिवसांवर आलेली, चांदणं लख्ख. त्या साली पाण्याचे काय हाल होते ते तुम्हालाही आठवत असेल. टँकर नवव्या-दहाव्या दिवशी यायचा.

बन्सीचं काम रोजचंच. पहाटे तीनला सहा बायका जीपमध्ये घ्यायच्या आणि शहरात, गारखेड्यातल्या एका पोळी केंद्रावर सोडायच्या. तिथून कंपन्यांच्या कँटीनला, पोरांच्या मेसला पोळ्या जातात. सहा बायकांचे सहा पोळपाट, त्यांना नंबर टाकलेले. समोर एक लांब तवा, बाजूला ज्याच्या त्याच्या नंबरची टोपली. सातच्या आत प्रत्येक टोपलीत तीनशे पोळ्या पडल्या पाहिजेत. आठला घरी आल्यावर पुन्हा स्वैपाक, धुणं, रान, पोरं. रात्री अकराला पाठ टेकायची आणि दोनला उठायचं. बन्सी म्हणायचा, आप्पा, या बाया जाग्या असतात का झोपलेल्या, मला सहा वर्षांत कळलं नाही.

पण त्यांचं एकमेकींवाचून चालत नव्हतं. त्यांनी रानातली सावड केंद्रावर नेली होती. सावड तुम्हाला आता ऐकूनच माहीत. आज तू माझं खुरपण करू लाग, उद्या मी तुझं. तसं या सहाजणींचं होतं. एखादीचं पोर तापलं, एखादी बाळंत झाली, की बाकीच्या तिची टोपली भरायच्या. मग ती बरी झाली की दुसरीच्या अडचणीला उभी राहायची. सावड पैशानं फिटत नाही, हातानंच फेडावी लागते. आणि सावडीला बोलवायची एक रीत आहे. दिवेलागणीनंतर बोलवायचं तर नाव घ्यायचं नाही. दारात उभं राहून नुसतं सांगायचं, सावड आहे म्हणून.

या सहाजणींत एक साळूबाई. नवरा गेलेला, दहा वर्षांची पोरगी. पूर्वी ती ऊसतोडीला जायची. दसरा झाला की पोरीला घेऊन निघायची, उन्हाळ्यात परत. पोरीची शाळा कशी व्हायची? मग हे केंद्राचं काम मिळालं आणि पोरगी एका जागी बसून चौथीपर्यंत शिकली. काम गेलं असतं तर पुन्हा फड, पुन्हा पाचटाची कोपी, म्हणजे झोपडं. साळूबाई मरणाला भ्यायची नाही एवढी त्याला भ्यायची.

आणि नेमकी तीच आजारी पडली. कावीळ अंगात मुरली, शनिवारी तिला घाटीत, सरकारी दवाखान्यात, भरती केलं. पोरगी द्वारकाबाईच्या घरी ठेवली. द्वारकाबाई म्हणजे या सगळ्यांत वडीलधारी, पाच नंबरच्या पोळपाटावर बसायची. केंद्राचा नियम असा, की पोळपाट तीन दिवस रिकामा राहिला तर तो दुसरीला द्यायचा. बाहेर बायका वाट बघत उभ्याच होत्या. म्हणून या पाचजणींनी साळूबाईची टोपली भरायला घेतली. रविवार, सोमवार, मंगळवार. सुपरवायझर काकासाहेब दोन महिन्यांपूर्वीच आलेला. माडीवर झोपायचा, सातला उतरून टोपल्या बघायचा. बायांची तोंडं त्याला ओळखू येत नव्हती.

बुधवारी कुणीतरी चुगली केली. काकासाहेबानं सांगितलं, उद्या चारला मी स्वतः खाली येतो. सहा पोळपाटांवर सहा बाया दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर चार नंबर मी दुसरीला दिला.

आता सहावी बाई आणायची कुठून? द्वारकाबाईला आवडाबाई आठवली. पूर्वी केंद्रावर काम केलेली म्हातारी, फाट्यावरच्या वस्तीत राहायची. डोक्यावरून पदर घेऊन बसली असती तर काकासाहेबाला काय कळणार होतं? बुधवारी रात्री, सगळं आवरून, नऊच्या सुमारास द्वारकाबाई वस्तीवर गेली. लाईट गेलेली. आवडाबाईच्या घराचं दार लावलेलं, ओसरीत अंधार. म्हातारी निजली असेल असं समजून द्वारकाबाईनं ओट्याखालूनच रीतीप्रमाणं सांगितलं, "सावड हाय गं बाई. तीनला. साळूच्या जागी."

आतून हूं आलं.

द्वारकाबाई दमलेली होती. हूं आलं, एवढं तिला पुरलं.

पहाटे तीनला बन्सीनं गावातून पाचजणी घेतल्या. फाट्यावर पदर घेतलेली एक बाई उभी होती. जीप थांबली, ती मागं चढली. द्वारकाबाई झोपेतच म्हणाली, बरं झालं आलीस.  रोजच्यासारख्या सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर कलल्या. पाचजणींतली राजाबाई त्या नव्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिनं नंतर बन्सीला सांगितलं, खांदा रांजणासारखा गार होता. मग उठली का नाहीस? तर म्हणाली, "उन्हाळ्याचे दिस, भाऊ. गार लागलं, बरं वाटलं. झोप लागली."

चौका गेलं, सावंगी गेली, हर्सूल गेलं. बन्सीनं आरशात पाहिलं. पाचजणी झोपलेल्या. सहावी ताठ बसलेली. पदर कपाळाखाली ओढलेला. खड्ड्यात जीप आदळली की सगळ्या हलायच्या.

ती हलत नव्हती.

केंद्रावर बन्सी पिठाची पोती आत टाकायचा आणि दारात चहा पीत बसायचा. तसा बसला. पावणेचारला सहा लाटणी सुरू झाली. तो आवाज त्याच्या सवयीचा. पण त्या दिवशी त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. त्यानं कान दिला. मग मान वर करून पाहिलं.

चार नंबरवरची बाई डाव्या हातानं पोळी फिरवत होती. लाटण्याचा जोर डावा. कणकेचा उंडा तोडायचा तोही डाव्या हातानं.

तुम्हाला सांगतो, आवडाबाई उजवी. साळूबाई उजवी. त्या केंद्रावर डावखुरी एकच होऊन गेली, मनकर्णाबाई. आधी चार नंबरवर तीच बसायची. गर्भाशयाच्या आजारानं झिजली, आणि शेवटचे तीन आठवडे तिची टोपली साळूबाईनं भरली होती. मनकर्णाबाई म्हणायची, उठले की फेडीन. उठली नाही, आणि तो पोळपाट साळूबाईकडं आला. तिला, मनकर्णाबाईला, जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. तिचं घर वस्तीवर, आवडाबाईच्या भिंतीला लागून. दार नाही, पत्रे नाहीत. नुसत्या भिंती.

बन्सीच्या हातातला चहा तसाच राहिला.

त्यानं द्वारकाबाईकडं पाहिलं. ती शेजारीच, हातभर अंतरावर. तिलाही दिसलं होतं. बाकीच्या चौघींनाही. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. लाटणी चालू. तवा चालू. पीठ उडत होतं...

चारला जिना वाजला. काकासाहेब उतरला. एक नंबर. दोन नंबर. तीन.

चारपाशी थांबला.

"साळूबाई तूच का?"

चार नंबरचं लाटणं थांबलं. मग सगळी थांबली.

...

तव्यावर एक पोळी करपायला लागली. तिचा वास आला. कुणी ती उलटली नाही.

"व्हय साहेब," द्वारकाबाई म्हणाली. "साळूच हाय ती. घसा बसलाय तिचा."

काकासाहेब तोंड बघायला खाली वाकला. पदराच्या आत त्यानं काय पाहिलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. तो सरळ झाला. भिंतीला धरून जिन्यापर्यंत गेला. वर जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर जितके महिने तो तिथं होता तितके महिने, बाया घरी गेल्याशिवाय खाली उतरला नाही.

मग चार नंबरचं लाटणं पुन्हा सुरू झालं. त्याच्यामागं बाकीची पाच.

मी बन्सीला विचारलं, अरे, एकही बाई उठून पळाली नाही? तो म्हणाला, मीही द्वारकाबाईला हेच विचारलं. तिनं मान वरसुद्धा केली नाही. "पळून कुठं जायचं, बन्सी? पावणेतीनशे पोळ्या राहिल्या व्हत्या. आन् ती काय परकी हाय का?"

सातला टोपल्या भरल्या. नळावर हात धुवायला पाचजणी आल्या. सहावी कुठं गेली हे कुणी विचारलं नाही. जीपमध्ये पाचजणी बसल्या. राजाबाई त्या दिवशी काचेला टेकून झोपली.

फाट्यावर एसटी उभी होती. हातात पिशवी घेऊन आवडाबाई उतरत होती. चार दिवस ती कन्नडला लेकीकडं होती. बन्सीनं जीप थांबवली. द्वारकाबाई उतरली, वस्तीवर जाऊन आवडाबाईचं दार पाहिलं. कडीला कुलूप होतं. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, चल, पोरीला शाळेत... मग तिला आठवलं, उन्हाळ्याची सुटी आहे. 

मला विचाराल तर त्या बायांना भीती वाटायला पाहिजे होती. वाटलीही असेल. पण भ्यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते, पोरांनो. ती त्यांच्यात उरली नव्हती. मला या गोष्टीतलं भुतापेक्षा तेच जास्त लागतं.

साळूबाई तीन दिवसांनी, रविवारी, घाटीतून सुटली. बन्सीच तिला आणायला गेला, संगं द्वारकाबाई आणि पोरगी. साळूबाईला त्या रात्रीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. काम टिकलंय एवढंच सांगितलं. ती हातांकडं बघत बसली होती. सलाईन लावून लावून हात सुजले होते, मूठ वळत नव्हती. वाटेत ती एकदाच बोलली.

"द्वारकाआक्का, उद्या बसायचं म्हंता खरं. पन मला कनिक मळाया यील का?"

 द्वारकाबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि फुलंब्री येईपर्यंत चोळत राहिली.

साळूबाईची खोली पत्र्याची, एक दार, खिडकी नाही. कुलपाची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात, घाटीतसुद्धा तिथंच होती. खोली आठ दिवस बंद. टँकर येऊन नऊ दिवस झालेले. बाहेरचा पिंप कोरडा ठाक, त्यात पालीचं पिल्लू मरून पडलेलं. साळूबाईला किल्ली फिरवता येईना, म्हणून कुलूप बन्सीनं उघडलं.

आतून गार वारा आला.

खोली झाडलेली होती. चुलीसमोर परात होती. परातीवर फडकं.

द्वारकाबाई दारातच थांबली. पोरगी पुढं झाली आणि तिनं फडकं उचललं. खाली कणीक होती. ताजी, मऊ, नीट मळलेली, दोघींना पुरेल एवढी. मे महिन्यातली कणीक, पण आंबट वास नव्हता.

 साळूबाई भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

पोरगी फडकं हातात धरून तशीच उभी होती, आणि त्यातून जमिनीवर पाणी ठिबकत होतं.